खूण नाही, तर सुई नाही

मंगळवार, ४ मार्च

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, मनगटावरच्यातही पाहिलं. दोन्हींत फरक नाही. या वेळी, मेडिसिन वॉर्डात, खाट क्रमांक चौदावर, यांच्या पाठीत चुकीच्या बाजूला सुई टोचण्यात आली.

पेन कागदात रुततंय. रागाने. भीतीसाठी सवड मिळालेली नाही.

नीट लिहिते. यांच्या डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचलंय. आधी जिना चढताना धाप, मग चपला घालताना, मग नुसतं बसल्या बसल्या. काल भरती केलं. आज पाठीतून सुई घालून पाणी काढायचं ठरलं. डाव्या बाजूने. संमतीपत्रावर सही करताना 'डावी' हा शब्द मी दोनदा वाचला. टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई कुठलाही कागद दोनदाच वाचते.

चहाचा थर्मास भरायला खाली गेले. बारा मिनिटं! परत येते तो पडदा ओढलेला. फटीतून पाहिलं. हे खाटेच्या कडेला बसलेले, पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, उशीवर डोकं. पाठ उघडी. आणि मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टर पोरीच्या हातातली सुई उजवीकडे. उजवीकडे!!

"थांबा!"

वादळात सातशे मैलांवर ऐकू जायचा असा माझा आवाज. वॉर्डातल्या बावीस खाटा थांबल्या. खालच्या अंगणात कोणी चालत असेल तर तोही थांबला असेल.

पोरगीही थांबली. तेवढं श्रेय तिला. सुई मागे घेतली. चेहरा पांढराफटक. कमरेपर्यंत लांब वेणी, डोळ्यांखाली काळं, वय माझ्या धाकट्या भाचीएवढं. नाव विचारलं नाही. वेणी म्हणते तिला.

"काकू, काका स्वतःच उजवी म्हणाले."

"तू काय विचारलंस?"

"विचारलं, काका, उजवी बाजू ना?"

"मग?"

"हो म्हणाले."

अगं, हो म्हणणारच ते! कानातलं यंत्र डबीत, डबी उशीखाली. आणि यंत्र कानात असतं तरी काय? बेचाळीस वर्षं मला 'हो' म्हणत सुखाने जगलेला माणूस. 'तुम्ही हत्ती आहात ना?' विचारलं असतं तर सोंड हलवून दाखवली असती.

नशीब, ती भुलीची बारीक सुई होती. पाणी काढायची मोठी सुई अजून ट्रेमध्ये होती. ती गेली असती तर चांगल्या फुप्फुसाला भोक! एक फुप्फुस पाण्यात, दुसरं फुटलेलं. मग श्वास कशाने घ्यायचा माणसाने, कानाने?

घोळ कसा झाला ते मला त्या भिंतीकडे पाहताच कळलं. एक्स-रेची फिल्म लावलेली. फिल्ममध्ये माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. सुईच्या वेळी तो आपल्याकडे पाठ करून बसतो. डावं-उजवं उलटतं! एक्सचेंजमधल्या आमच्या स्विचबोर्डाचं अगदी हेच. पुढे आम्ही बसायचो, मागे मेकॅनिक. पुढून तिसरं भोक ते मागून तिसरं नव्हे. नवा मेकॅनिक हमखास चुकायचा. म्हणून नियम होता: हात घालण्याआधी मोठ्याने नंबर बोला, पुढचीने तो परत म्हणायचा, मगच हात. हा नियम शिकायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

इन्चार्ज सिस्टर धावत आली. "खूण कुठंय? सोनोग्राफी करून खूण करायची असते ना?"

वेणी म्हणाली, "केली होती. सकाळी सात दहाला. केसपेपरवर लिहिलंय."

केसपेपरवर होतं. पाठीवर नव्हतं. पाठ कोरी. आणि हे मी छातीठोक सांगू शकते, कारण सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मीच ती पाठ पुसली होती. वॉर्डातल्या मावशींचं पुसणं म्हणजे ओलं फडकं लांबून दाखवणं. मी गरम पाणी आणि साबण घेऊन पुसते. कॉन्व्हेंटच्या शाळेत मदर आमच्या मानेवरून पांढरा रुमाल फिरवायच्या. रुमाल मळला की परत न्हाणीघरात, मग घंटा झाली असली तरी! त्या शाळेतली बाई सुईच्या दिवशी नवऱ्याची पाठ कशी घासेल ते लिहायला नको.

खूण असती तर मला दिसली असती. म्हणजे चूक तर आहेच, वर खोटी नोंद!


बुधवार, ५ मार्च

आज मोठ्या डॉक्टरांनी स्वतः केलं. मी आत उभी राहणार म्हणाले. सिस्टर म्हणाली, "आजी, नातेवाइकांना परवानगी नाही." मी म्हटलं, आजी कोणाची? काल नातेवाईक बाहेर होते म्हणूनच सुई आत गेली. मोठे डॉक्टर हसले. "राहू द्या त्यांना. मास्क द्या. चक्कर आली तर खाली बसा, माझ्या अंगावर पडू नका."

चक्कर! मला!

काय पाहिलं मी! सोनोग्राफीचं यंत्र चाकांवरून खाटेपाशी आणलं. काल ते दुसऱ्या वॉर्डात होतं, म्हणून सकाळच्या खुणेवर भिस्त. हे मी टिपून ठेवलंय. पाठीवर गार लेप लावून दांडी टेकवली, आणि पडद्यावर पाणी! काळं, शांत, विहिरीसारखं. त्यात फुप्फुसाचं टोक हलत होतं, श्वासागणिक, माशाच्या शेपटीसारखं. बेचाळीस वर्षांच्या संसारात यांचं आतून दर्शन प्रथमच.

मग हात धुणं. मी मनात मोजलं. मदरनाही पटलं असतं. मग औषधाने पाठ पुसली, आतून बाहेर, गोल गोल, आणि वाळेपर्यंत थांबले. फुंकर नाही, घाई नाही. मग भूल. मग सुई. "बरगडीच्या वरच्या कडेवरून जायचं," सिस्टरला नव्हे, मलाच सांगत होते ते. "खालच्या कडेला रक्तवाहिनी लपलेली असते. उंबरठ्यावरून जायचं, चौकटीच्या वरच्या पट्टीला डोकं लावायचं नाही."

पिवळं पाणी नळीतून आलं. बाटली भरत गेली. दीड लिटरच्या आसपास थांबायचं म्हणाले, एकदम जास्त काढलं तर फुप्फुसच रुसतं. हे खोकायला लागले तशी सव्वा लिटरलाच नळी बंद केली.

आणि मग यांनी श्वास घेतला. पूर्ण. वरपासून खालपर्यंत. नऊ दिवसांनी! मी मास्कच्या आत तोंड उघडं टाकून उभी.

हे वळून म्हणाले, "चहा आहे का?"


बुधवारीच, संध्याकाळी

दोन कप प्यायले!! साखर घालून.


शुक्रवार, ७ मार्च

तक्रारअर्ज दिला. हाताने लिहून, तीन प्रती. पोच घेतली. शिक्का जरा तिरका बसला, दुसरा मारून घेतला.

एकूण नऊ मुद्दे. पहिले तीन बाजूबद्दल. चौथा: 'सकाळी ७.१० वाजता खूण केल्याची नोंद असत्य आहे. अधोस्वाक्षरीकर्तीने त्याच दिवशी ९.१० वाजता रुग्णाची पाठ स्वतः स्वच्छ केली असून पाठीवर कोणतीही खूण नव्हती.' पाचवा: रुग्णाचं श्रवणयंत्र न लावता प्रश्न विचारला. सहावा: सोनोग्राफीचं यंत्र जागेवर नव्हतं. सातवा: वॉर्डातली 'आजी' ही हाक. आठवा: पडद्याच्या कड्या, अकरापैकी चार गायब. नववा: रुग्णांच्या गाऊनचा रंग जातो. यांची पाठ पुसताना माझं पांढरं फडकं जांभळं झालं, तीनदा साबण लावावा लागला. फडकं प्लास्टिकच्या पिशवीत, तारीख घालून, पुरावा म्हणून जपलंय.

शेवटी: लेखी उत्तर शुक्रवार, २१ मार्च, सायंकाळी पाचपूर्वी मिळावं. तोंडी खुलासा स्वीकारला जाणार नाही.

लेकीचा फोन आला. "आई, बाबा बरे आहेत ना? मग सोड ना आता. त्यांनाच परत तिथे जावं लागेल."

"म्हणूनच सोडत नाही."

"त्या मुलीचं काय होईल माहितेय का?"

"चुकीची लाइन जोडली तर माझ्या हाताखालच्या मुलींना मी तीन दिवस बोर्डावरून उठवायची. मेल्या नाहीत कुणी."

"ही तीन दिवसांवर सुटणार नाही, आई."

फोन ठेवताना 'काळजी घे' म्हणाली. कोणाची ते म्हणाली नाही.


शनिवार, ८ मार्च

घरी आणलं. जिना स्वतः चढले. मधल्या वळणावर थांबले, माझ्यासाठी!


सोमवार, १० मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मी भांडायच्या तयारीने गेले. पदर खोचलेलाच होता म्हणायचा. समोर माझा अर्ज, सगळ्या मुद्द्यांखाली तांबड्या रेघा.

"तुमचे नऊपैकी आठ मुद्दे मान्य," म्हणाले. "सातव्याबद्दल सिस्टरला मीच बोललो. पण चौथा मुद्दा गंभीर आहे."

"सगळेच गंभीर आहेत."

"नाही बाई. बाजू चुकणं ही चूक. तिला परत शिकवता येतं. न केलेलं केलं म्हणून लिहिणं हा खोटेपणा. त्यासाठी समिती बसते. एकवीसला सकाळी अकरा वाजता. खोटेपणा ठरला तर तिचं इथलं शिक्षण संपलं. तोवर तिने सुईला हात लावायचा नाही."

"ती काय म्हणते?"

"खूण केली होती म्हणते. दहा चाळीसला दिसेना, तेव्हा वाटलं आपलीच दोन रुग्णांत गल्लत झाली. सकाळपासून तिने सात जणांना तपासलं होतं. म्हणून फिल्म पाहिली, काकांना विचारलं. खूण दिसली नाही तिथेच थांबायला हवं होतं, हे ती कबूल करते. पण खूण केली होती, यावर ठाम आहे."

"मग गेली कुठे? उडून?"

"तोच प्रश्न आहे. ते पेन साध्या पुसण्याने जात नाही. साबणाने जोर लावून घासलं तरच. आणि आजारी माणसाची पाठ इतकी कोण घासतं?"

दोघंही हसलो.

मग अचानक म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या 'थांबा'ने सगळा वॉर्ड थांबला. माझ्या मुलांना तसं थांबता येत नाही. सिनियरसमोर तोंड उघडत नाहीत. बुधवारी सरावखोलीत याल? एक्सचेंजमध्ये नंबर परत म्हणायची काय पद्धत होती, ती त्यांना शिकवा."

मला! वयाच्या सत्तराव्या वर्षी! डॉक्टरांना शिकवायला!

विचार करून सांगते म्हणाले. बाहेर येईपर्यंत विचार झाला, परत आत जाऊन सांगितलं.


बुधवार, १२ मार्च

किती लिहू!

सरावखोली म्हणजे एक लांब खोली, तीन टेबलं, प्रत्येकावर एकेक रबरी धड. डोकं नाही, हात नाहीत, पाठ तेवढी आहे. आत निळं पाणी भरलेलं. सुई बरोबर गेली की निळं पाणी येतं, चुकली की नुसती हवा फुसकन. नऊ शिकाऊ डॉक्टर, सगळे हुशार, सगळे पुटपुटणारे.

मी म्हटलं, पहिला धडा: तोंड उघडा. आमच्याकडे लाइनवर पुटपुटलं की सासरचा फोन माहेरी लागायचा.

दुसरा धडा: प्रश्नात उत्तर घालू नका. 'उजवी ना?' हा प्रश्न नव्हे, हा धक्का. 'नंबर चार-दोन-सहा ना?' विचारलं तर घाईतला माणूस हो म्हणतो आणि भलत्याच घरी निरोपाचा फोन जातो. 'आपला नंबर सांगा' म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यांत अवघड. एक उंच मुलगा चार वेळा चुकला. 'मावशी, कोणत्या बाजूला — डावीकडे — दुखतं?' अरे, मध्ये ते 'डावीकडे' कुठून आलं? सगळे हसले, तोही हसला, पाचव्यांदा जमलं.

तिसरा धडा: परत म्हणणं. डॉक्टर मोठ्याने म्हणेल: रुग्ण कोण, काय करायचं, कोणत्या बाजूला. सिस्टर तेच स्वतःच्या शब्दांत परत म्हणेल. रुग्ण स्वतःचा हात त्या बाजूला ठेवेल. तिघं जुळले तर पुढे. न जुळले तर कोणीही 'थांबा' म्हणायचं. कोणीही! झाडणाऱ्या मावशींनीसुद्धा. आणि मग सगळ्यांचे हात वर.

इन्चार्ज सिस्टर म्हणाली, "मी रोज वीस वेळा थांबा म्हणते, बाई. कोण ऐकतं?" मी म्हटलं, आवाज पोटातून काढा, नाकातून नको. काढला तिने. एका मुलाच्या हातातला ट्रे पडला. नवीच मैत्री झाली आमची.

मीही पुष्कळ शिकले. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ते आधी विचारायचं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, तिथल्या तिथे सुयांच्या पांढऱ्या डब्यात. डॉक्टरांच्या बोटाला सुई टोचते ती पुष्कळदा टोपण लावतानाच! रुग्णाला आधीच सांगायचं: खोकला आला, छातीत दुखलं, चक्कर आली तर बोला, हलू नका. आणि झाल्यावर लगेच पाठ फिरवून निघायचं नाही. श्वास बघायचा, नाडी बघायची, दोन शब्द बोलायचे.

वेणी मागच्या स्टुलावर बसून होती. वहीत सगळं लिहून घेत होती. हात मांडीवर, सुईपासून लांब. मी तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण तिला दिसेल असं नाही.


गुरुवार, १३ मार्च

यांना विचारलं, "आज कोणती भाजी करू?" हे म्हणाले, "हो." सराव घरापासून सुरू करायला हवा.


शनिवार, १५ मार्च

नियम झाला! माझा!

मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डात पाटी लावली. पांढऱ्यावर काळी, हातभर अक्षरं: 'खूण नाही, तर सुई नाही.' हे शब्द माझे. बुधवारी सहज बोलून गेले होते. खूण दिसली नाही तर अंदाज करायचा नाही, आठवायचं नाही, रुग्णाकडून हो म्हणवून घ्यायचं नाही. यंत्र खाटेपाशी आणायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा खूण करायची. रुग्ण हलण्यापूर्वी सुई. यंत्र दुसरीकडे असेल तर थांबायचं. पाणी नऊ दिवस थांबलेलं असतं, अर्धा तास आणखी थांबतं.

पाटी पाहायला यांना घेऊन गेले. तपासणीही होती म्हणा. छाती साफ! हे पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. कानात यंत्र होतं.

"कशी आहे?"

"अक्षर चांगलं आहे."

"आणि मजकूर?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगतील असं वाटलं. तेवढ्यात सिस्टर आली, "बाई, या ना चहाला!" आणि राहिलंच ते.

येताना जिन्यात वेणी भेटली. बाजूला सरून उभी राहिली. यांच्या पाया पडते की काय असं वाटलं, पण फक्त म्हणाली, "काका, तुमचा श्वास आता छान वाटतो." हे म्हणाले, "तुझंही जेवण होतंय ना वेळेवर?"

मला राग आला. ज्याच्या पाठीत सुई, तोच मऊ!


मंगळवार, १८ मार्च

सरावखोली, दुसरा दिवस. आज रबरी धड नको, जिवंत पाठ हवी म्हणाले. सुई टोचायची नाही, फक्त बसवणं, यंत्र लावणं, खूण करणं. जिवंत पाठ कोण देणार? सगळे छताकडे बघू लागले. मी हात वर केला.

उशीवर डोकं टेकून बसले. हे असे बसले होते तर! काहीच दिसत नाही. मागे कोण आहे, हातात काय आहे, काही कळत नाही. नुसते आवाज. एवढ्यात कोणी 'उजवी ना?' म्हणालं असतं तर मीही हो म्हणाले असते. लवकर संपावं म्हणून.

मोठे डॉक्टर म्हणाले, "खूण तू कर." कोणाला ते दिसलं नाही. गार लेप, दांडी, मग पाठीवर पेन. हात हलका होता, सावकाश. "काकू, कोणत्या बाजूला करायचं ठरलंय ते सांगाल?" एवढंच विचारलं, आणि गप्प. पूर्ण गप्प. इतकं नीट कोणालाच जमलं नव्हतं. मी डावा हात मागे नेऊन दाखवला.

वळून पाहिलं तर वेणी.

"गोल आणि त्याच्याकडे बाण," ती म्हणाली. "मी नेहमी अशीच करते. काकांनाही अशीच केली होती."

सगळ्यांच्या देखत! मी म्हटलं, "हे बघ, ती पाठ मी स्वतः घासली आहे. माझ्या हातून डाग सुटत नाही."

"बरं, काकू."

वाद नाही, डोळ्यांत पाणी नाही. पेनाला टोपण लावलं आणि स्टुलावर जाऊन बसली. ते 'बरं' घरी येईपर्यंत माझ्या पाठीवर बसलं होतं.


बुधवार, १९ मार्च

आंघोळ केली. पाठीवरचं काढायला पांढरं फडकं घेतलं, दोन्ही टोकं धरून घासलं. गेलं नाही. साबण लावला. फिकट झालं. तिसऱ्यांदा साबण लावला तेव्हा गेलं.

फडकं पिळताना पाहिलं. जांभळं.

गाऊन नव्हता अंगावर. वॉर्डातलं कसलंच कापड या घरात नाही.

कपाट उघडलं. पिशवी काढली. '४ मार्च, पुरावा, मुद्दा क्र. ९', माझंच टपोरं अक्षर. दोन्ही फडकी खिडकीत शेजारी शेजारी धरली. उजेडात.

हे खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांच्या कानात यंत्र स्वतः घातलं. समोर बसले. प्रश्नात उत्तर घातलं नाही.

"चार तारखेला सकाळी तुमच्या पाठीवर काय होतं?"

"खूण." पेपर खाली ठेवला. "त्या पोरीने काढलेली. पेन गार लागलं होतं."

"कुठे गेली ती?"

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हे 'हो' म्हणाले नाहीत.

"तू पुसलीस."

"मग बोलला का नाहीत? मी घासत होते तेव्हा?"

"बोललो. डॉक्टरांचं काहीतरी आहे म्हणालो. तू म्हणालीस, हात वर करा."

"आणि नंतर? पंधरा दिवस? अर्ज लिहिला तेव्हा? पाटी लागली तेव्हा?"

"विचारलं कोणी?" म्हणाले. मग पेपरची घडी करत, "पाटीपाशी सांगणार होतो. तू फार खुशीत होतीस."

डाग बघितला होता मी. डोळ्यांनी बघितला होता! गोल होता, बाण होता की नव्हता, आठवत नाही. मला मळ दिसला, मी काढला.


गुरुवार, २० मार्च

प्रति, मुद्दा क्रमांक चार लिहिणारी बाई.

मंगळवार, ४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. या वेळी खाट क्रमांक चौदावरच्या रुग्णाच्या पाठीवरची खूण कोणी घासून काढली, आणि तिच्याबद्दल खोटी नोंद कोणी केली?

खुलासा लेखी हवा, स्वतःच्या अक्षरात, तीन प्रतींत, दोन्ही फडकी जोडून, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर, उद्या, शुक्रवारी, सकाळी अकरापूर्वी. तोंडी चालणार नाही.